येणाऱ्याचा वाटा

दुपारी दोनच्या सुमारास मी माझी हजार पोरं खेळायला बसवते आणि स्वतः जरा आडवी होते. तुळजापुरात आमची खोली वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतून लांब डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसतात. त्या वेळी रस्त्यावर कुणी नसतं. पवनचक्क्या फिरू का नको अशा फिरत असतात, लॅपटॉप घुंई घुंई करत असतो, आणि आत माझी पोरं लाडू वाटत असतात. त्यांना ना तोंड, ना नाव, ना पायात चप्पल. तरी मला ती दिसतात. डोळा लागता लागता तर फारच स्पष्ट दिसतात, माळावर ओळीनं मांडी घालून बसलेली.

वेड लागलेलं नाही मला. हे माझं पोटापाण्याचं काम आहे. पुण्यातली एक कंपनी प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी संगणकावरचे खेळ बनवते. खेळता खेळता गणित यावं, असे खेळ. पण खेळ खरंच शिकवतो का नुसताच नाचवतो, हे शाळेत जाण्याआधी बघावं लागतं. दरवेळी हजार खरी मुलं कुठून आणायची? म्हणून खोटी बनवायची आणि त्यांना खेळायला लावायचं. ऑफिसात त्यांना आभासी विद्यार्थी म्हणतात, मी खोटी पोरं म्हणते. एकेक पोर म्हणजे आकड्यांची एक ओळ असते. याला काय काय येतं, शिकलेलं किती दिवसांनी विसरतं, न वाचता किती वेळा ठोकून देतं, कितव्या मिनिटाला कंटाळतं. एवढं भरलं की पोर तयार. जेवायला मागत नाही, शी-शू नाही, फी नाही. माझ्या सासूबाई म्हणतात, अशी पोरं असती तर मीपण हजार केली असती.

त्यातली काही माझ्या लाडाची आहेत. एक अंदाज्या आहे, त्याला काही म्हणजे काही येत नाही, पण हात थांबत नाही. एक घाईची आहे, प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन मोकळी. एक विसरभोळा आहे, सकाळचं संध्याकाळी पुसलं जातं. ही सगळी मी माणसं बघून बघून बनवली आहेत. घाईची म्हणजे मीच, हे सांगायला नको.

आणि एक होती शेवटच्या ओळीतली. तिला मी सगळ्यात कमी आकडे दिले होते. बेरीज येते, वजाबाकी बेताची, भागाकार शून्य. ती मी माझ्या अक्कावरून बनवली होती.

अक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आमचं माहेर अणदूरचं. वडील कचेरीत कारकून, घर खंडोबाच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर. अक्काला चौथीत गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "हिच्या डोक्यात गणित न्हाई, उगं कशाला छळायचं पोरीला." गुरुजी वाईट नव्हते. दयेनंच बोलले असतील. पण ते वाक्य घरात येऊन बसलं ते उठलंच नाही. अक्का पाचवी कशीबशी पास झाली आणि घरी राहिली. आईच्या हाताखाली गेली. पुढे गावातल्या गावात तिचं लग्न झालं. आता ती गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. मी मात्र शिकत गेले, पाचवीपासून धाराशिवला वसतिगृहात राहिले, आणि गणितातच पदवी घेतली. घरात सगळे म्हणायचे, थोरलीच्या वाटचं डोकं धाकटीला मिळालं. अक्कासुद्धा हसून हेच म्हणायची. मलाही ते खरं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटायचं.

यंदा अक्कानं एक गोष्ट मनावर घेतली. बाहेरून दहावीला बसायचं. तिची मुलगी दहावी होऊन पुढं गेली, नवऱ्याची हरकत नव्हती, आणि खिचडीच्या चुलीपाशी बसून वर्गातलं ऐकता ऐकता तिला वाटायला लागलं होतं की आपणही एकदा पेपर लिहावा. नोकरीसाठी नाही, कशासाठीच नाही. "नुसतं बाकावर बसून यायचंय मला," म्हणाली. फॉर्म भरायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. पण भरू का नको, भरू का नको, यातच तिचे दिवस चालले होते. अडलं होतं एकाच विषयावर.

अशातच एका मंगळवारी ती देवीला आली आणि दर्शन करून माझ्याकडे जेवायला थांबली. जेवणं झाल्यावर मी नेहमीसारखी पोरं खेळायला बसवत होते. ती मागं येऊन उभी राहिली.

"हे काय गं? लाडू कशाचे हायत?"

"खेळ आहे. लाडू सारखे वाटायचे. खेळतेस?"

खरं म्हणजे मला गंमत वाटली होती. खोट्या अक्काला मी रोज खेळवत होते, आता खरी समोर होती. मी तिला खुर्चीवर बसवलं, माऊस हातात दिला. खेळ अगदी सोपा होता. एका टोपलीत लाडू, समोर ताटं, प्रत्येक ताटामागं एक मूल. लाडू ओढून ताटात टाकायचे. बारा लाडू, तीन मुलं. अक्कानं जपून, एकेक करून, प्रत्येकाच्या ताटात तीन तीन लाडू टाकले आणि हात मागं घेतला. टोपलीत तीन राहिले. खेळ म्हणाला, चूक, पुन्हा प्रयत्न कर. वीस लाडू, चार मुलं. तिनं चार चार टाकले आणि थांबली. चूक. मला वाटलं, माऊस जमत नाहीय तिला. मी म्हटलं, "अगं, सगळे संपव की." ती म्हणाली, "हां हां," आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

हा खेळ नुसता चूक-बरोबर सांगून थांबत नव्हता. तो मुलाला पायऱ्यांवर चढवायचा, उतरवायचा. शाळेत गेल्यावर ज्याची जी पायरी, त्याचा तो गट, अशी बसायची व्यवस्था होणार होती. अठरा गणितांनंतर त्यानं अक्काला सगळ्यात खालच्या पायरीवर नेऊन ठेवलं. पडद्यावर एक चिमणी आली आणि म्हणाली, चला, आता एक ते दहा मोजू या.

अक्का पडद्याकडे बघत राहिली. मग हसली. ती हसते तेव्हा तिचा खालचा ओठ आत जातो, लहानपणापासून.

"बघ, गुरुजी काय खोटं बोलत न्हवते. ह्या यंत्रालाबी कळलं. ऱ्हाऊ दे बाई त्यो फॉर्म. लोकं हसतील."

मी काहीतरी बोलले, पण माझ्या बोलण्यात दम नव्हता. कारण मलाही तेच वाटत होतं. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. जाताना मला म्हणाली, "तुझी पोरं लई गुणी हायत, आवाज न्हाय काय न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं आत खेळत होती आणि मी पडले होते. वारा पडला होता, पवनचक्क्या जागीच उभ्या होत्या. माझ्या अर्धवट झोपेत ती हजार पोरं माळावर बसली होती आणि अक्का त्यांना वाढत होती. पातेलं कमरेवर, ओळीतून पुढं पुढं. सगळ्यांना वाढून झालं तरी पातेल्यात उरलंच होतं. मी तिला ओरडून सांगत होते, संपव गं, संपव. आणि ती मागं न बघता म्हणत होती, अजून यायचंय कुणीतरी.

मी उठून बसले. लॅपटॉपवर अक्काच्या खेळाची नोंद होती. प्रत्येक खेळाची असते. कुणी कुठला लाडू कुठं टाकला, सगळं. मी ती उघडली. बारा लाडू, तीन ताटं: तीन, तीन, तीन, टोपलीत तीन. वीस लाडू, चार ताटं: चार चार, टोपलीत चार. अठरा लाडू, दोन ताटं: सहा, सहा, टोपलीत सहा. सोळा लाडू, चार ताटं: तीन तीन, टोपलीत चार. इथं अडले. मग लक्षात आलं, पाच वाटे केले की एक उरतो, तो एक तिनं टोपलीतच ठेवला होता. अठराच्या अठरा गणितं मी बघितली. एकही भागाकार चुकलेला नव्हता. फक्त प्रत्येक वेळी तिनं एक ताट जास्त धरलं होतं.

मी तिला फोन लावला. मागं भांड्यांचा आवाज येत होता.

"अक्का, बारा भागिले तीन किती?"

"चार. का गं?"

"वीस भागिले चार?"

"पाच. काय झालं काय तुला भर दुपारी?"

"आणि तीन पोरांत बारा लाडू वाटायचे असले तर?"

"तीन तीन."

"का?"

"का म्हंजे? कुणी आलं मग?"

मी नोंदीतले आकडे पुन्हा बघायला लागले. ती हॅलो हॅलो करत राहिली. शेवटी म्हणाली, "अगं, भागाकार येगळा आन् वाटणी येगळी. तुला एवढं शिकून कळंना व्हय?" आणि चहा उतू जाईल म्हणून फोन ठेवला.

आमच्या घरातली ती रीत होती. देवळाच्या वाटेवरचं घर, सारखं कुणी ना कुणी यायचं. जत्रेला आलेलं, गाडी चुकलेलं, ओळखीतल्याच्या ओळखीचं. आई माणसं मोजायची आणि एक वाटा जास्त करायची. त्याला येणाऱ्याचा वाटा म्हणायचे. तो आधी काढायचा, झाकून ठेवायचा, मग घरातल्यांना वाढायचं. उरलंसुरलंही त्याच्यातच घालायचं, कारण आलेला माणूस भुकेला असतो. थंडीत आमचा खंडोबा दोनेक महिने नळदुर्गाच्या देवळात राहायला जातो, तेव्हा गावात परकं माणूस फिरकत नाही. तेव्हासुद्धा आई वाटा काढायचीच. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "देव गावाला गेलाय, भूक न्हाय गेली."

अक्का सहा-सात वर्षांची असल्यापासून वाढायला होती. तिच्या हातात ती रीत आधी आली, गणित नंतर. गुरुजी तोंडी गणितं घालायचे, आणि त्यांच्या गणितात सदानकदा पेरू नाहीतर बोरं वाटायची असायची. अक्का वाटायची, घरी वाटत होती तशीच. गुरुजींनी एकदा जरी विचारलं असतं, का गं, तर तिनं सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. माझ्या खेळानं विचारलं नाही. आणि मी तिची सख्खी बहीण, गणितातली पदवीवाली, मीही चाळीस वर्षांच्या बाईला भागाकार शून्य देऊन शेवटच्या ओळीत बसवलं. मला लाज वाटली. अशी लाज वाटली की उठून पाणी प्यायले आणि पुन्हा येऊन बसले तरी वाटतच होती.

मला ती चूक का झाली नाही? कारण मी कधी वाढलंच नाही. मी धाकटी, मी फक्त खाल्लं. खाणाऱ्याला गणित सोपं जातं.

त्या दुपारी मी शेवटच्या ओळीतली पोरगी नव्यानं लिहिली. भागाकार पूर्ण येतो. घाई नाही, अंदाज नाही, कंटाळा नाही. फक्त एक नियम: माणसं मोजून झाली की एक वाढव. मग तिला आणि अंदाज्याला शेजारी शेजारी खेळायला बसवलं. अंदाज्या टोपली रिकामी होईपर्यंत लाडू कुठंही फेकायचा, चुकला की पुन्हा फेकायचा. खेळ त्याला सतराशे साठ वेळा संधी देत होता, आणि त्या जोरावर तो डुलत डुलत वरच्या पायरीवर जाऊन बसला. त्याला काहीच येत नव्हतं. माझी पोरगी, जिला सगळं येत होतं, ती चिमणीसमोर एक ते दहा मोजत होती. मी पुन्हा पुन्हा खेळवून बघितलं. दरवेळी तेच.

मी पुण्याला कंपनीतल्या सरांना अहवाल पाठवला आणि धीर धरवेना म्हणून फोनही केला. सर शांत माणूस. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अंदाज्याचं दुरुस्त करू, ते बरोबर पकडलंत. पण दुसरी केस सोडून द्या. असं मूल हजारात एक असेल."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, ती हजार मीच बनवलीत. त्यात ती नव्हतीच, म्हणून तुम्हाला हजारात एक वाटते. माझ्या हजार पोरांत एकालाही आई नाही. घर नाही, चूल नाही, दारात कुणी येत नाही. आपण रिकाम्या पोटाची पोरं बनवली आणि त्यांना लाडू वाटायला सांगितले."

मला वाटलं, गेली नोकरी. मग सर म्हणाले, "तुम्हाला नेमकं काय हवंय?" मी दोन गोष्टी मागितल्या. चित्रात एक जास्तीचं ताट ठेवा, आणि मुलाला खाली उतरवण्याआधी त्याला एकदा विचारा, हे कुणासाठी ठेवलंस. ताट त्यांनी नाकारलं, बाकीची मुलं गोंधळतील म्हणाले. प्रश्न मात्र मान्य केला. "चांगला प्रश्न आहे," म्हणाले. गुरुजींना सुचायला हवा होता तो प्रश्न एका खेळात जाऊन बसला, तेही काही कमी नाही.

पण अक्काचा फॉर्म तसाच होता, आणि मुदतीला दोन दिवस राहिले होते. फोनवर ती दाद देत नव्हती. "झालं की आता, कशाला उकरती," एवढंच. म्हणून मी दुपारी न कळवता नळदुर्गावरून जाणाऱ्या एसटीत बसले. गाडी अर्धी रिकामी होती. खिडकीतून उन्हात वाळत घातलेली तूर, हायवेवरचे ट्रक, लांबवर त्याच पवनचक्क्या. मी डुलक्या घेत होते, आणि दरवेळी डोळा उघडला की वाटायचं, मागच्या रिकाम्या बाकांवर माझी पोरं बसलेली आहेत, गप, गुणी, कुठं चाललोय हे न विचारता.

पोचले तेव्हा दुपारचे अडीच झाले असतील. अक्का शाळेतून येऊन, घरच्यांचं उरकून, ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मला बघून दचकली नाही, कशी आलीस विचारलं नाही. "पाय धू," म्हणाली, आणि आत जाऊन फडताळातलं झाकलेलं ताट माझ्यासमोर ठेवलं. दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी, एक गुळाचा खडा. भाजी घरच्यांपेक्षा जरा जास्तच असणार.

मी पहिला घास घेतला आणि जुने शनिवार आठवले. वसतिगृहातून मी शनिवारी घरी यायचे. कधी यायचे, कधी नाही, कळवायला फोन कुठं होता. कितीही वाजता आले तरी ताट तयार असायचं. मला वाटायचं, आईला कळतं मी येणार ते. आईला काही कळत नव्हतं. अक्काचं लग्न व्हायचं होतं, तीच मोजायची आणि एक वाढवायची. ज्या गणितासाठी ती नापास ठरली, ते मी सहा वर्षं खात होते.

मी रडायला लागले. अक्का म्हणाली, "तिखट झालं का?"

मग मी तिला नोंद दाखवली. एकेक गणित बोटानं दाखवलं. हे बारा, हे वीस, हे सोळा, आणि हा उरलेला एक तू इथं घातलास. ती चष्मा लावून वाचत राहिली. अठराच्या अठरा वाचली. मग म्हणाली, "म्हंजे चुकलं न्हवतं."

"एकही नाही."

"गुरुजी गेले की गं आता. त्यांना कोण सांगणार?"

ती उठली, ट्रंक उघडली, आणि साडीच्या घडीतून शाळा सोडल्याचा दाखला काढला. फोटो त्याला टाचलेला होता, नवा, स्टुडिओत काढलेला. म्हणजे तिनं सगळं कधीच तयार ठेवलं होतं. दाखल्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं: प्रगती बेताची, वर्तणूक चांगली. तिनं त्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि कागद माझ्या हातात दिला.

मी मोबाईलवर फॉर्म भरायला घेतला. ती शेजारी बसून मला माझंच स्पेलिंग तपासायला लावत होती. सगळं भरून झालं, फक्त पाठवायचं राहिलं, तेव्हा तिनं माझा हात धरला.

"एक इचारू का? परीक्षेत मातर येणाऱ्याचा वाटा ठिवायचा न्हाय, व्हय?"

"नाही ठेवायचा. फक्त दोन तास, अक्का."

तिनं जरा विचार केला. "दोन तास दम काढंल कुणीबी," म्हणाली आणि हात सोडला.

मी फॉर्म पाठवला. अक्कानं माझं रिकामं ताट उचललं, मोरीत धुतलं, पदरानं पुसलं. मग टोपल्यातल्या दोन भाकऱ्या त्यात ठेवल्या, बाजूला चटणी वाढली आणि वर झाकण घातलं.